मोबाईल हातात आला आणि हात सुटला



या महिन्याच्या भित्तिपत्रकात लिहिलेले कमी आणि चित्रे जास्त आहेत. तसे का केले ते मी सांगते.

गुरुजींनी विषय दिला होता, 'समाजमाध्यमांचे तोटे'. समाजमाध्यमे म्हणजे व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम वगैरे. आम्ही निबंध लिहिले. सगळ्यांचे सारखेच आले. डोळे बिघडतात, अभ्यास होत नाही, वेळ जातो. गुरुजी म्हणाले, "हे वाचून तुमच्या घरातले कोणी मोबाईल खाली ठेवील का?" आम्ही सगळे गप्प बसलो. मग चित्रे काढायचे ठरले.

मला वाटते हेच बरोबर झाले. आईला मी दहा वेळा सांगितले की जेवताना मोबाईल बघू नको. ती नुसती "हं" म्हणते. पण चित्र दिसले की माणूस थांबतोच. मोबाईलसुद्धा चित्रे दाखवूनच आपल्याला धरून ठेवतो. मग आपणही चित्रानेच सोडवायला पाहिजे.

चित्र पहिले. हे वारली पद्धतीचे आहे. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढले आहे. वारली चित्रे पालघर जिल्ह्याकडची. तिथले जिव्या सोमा मशे यांना या कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. या चित्रांत तारपा वाजवणारा मधे असतो आणि बाकीचे हात धरून नाचतात. आम्ही ठरवले की प्रत्येकाच्या हातात एक मोबाईल काढायचा. काढायला लागलो तर अडचण आली. मोबाईल धरायचा तर शेजारच्याचा हात सोडावा लागतो. एकेक हात सुटत गेला आणि फेर मोडला. हे आम्ही आधी ठरवले नव्हते, काढता काढता कळले. माझ्या मते हाच मोठा तोटा आहे.

गुरुजींनी मग सांगितले की इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात बँक्सी नावाच्या चित्रकाराने २०१४ साली एका दारावर असेच चित्र काढले होते. त्यात एक बाई आणि एक माणूस गळ्यात गळा घालून उभे आहेत, पण दोघेही एकमेकांच्या पाठीमागून आपापला मोबाईल बघत आहेत. म्हणजे तिकडेपण आपल्यासारखेच आहे.

चित्र दुसरे. मधे एक मुलगी पडलेली आहे आणि भोवती मोबाईलच मोबाईल आहेत. वारली माणसांना डोळे काढत नाहीत, म्हणून आम्ही डोळे मोबाईलला काढले. ती मुलगी मी आहे. गॅदरिंगमध्ये नाचताना माझा पाय परकरात अडकला आणि मी पडले. पडले तेव्हा थोडेच लोक हसले. पण कुणीतरी ते मोबाईलवर घेऊन ग्रुपवर टाकले. मामाच्या गावाला मी गेले तर व्हिडिओ माझ्या आधीच तिथे पोचलेला. मामी म्हणली, "आली का पडणारी बाई!" ती चेष्टेने म्हणली, पण मला लई रडू आले. पडलेल्याला आधी उठवावे. फोटो काढू नये, आणि काढला तर पुढे पाठवू नये.

चित्र तिसरे. हे कानगोष्टींच्या खेळासारखे आहे. पहिल्याच्या मोबाईलमध्ये मांजर, दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये बोका, तिसऱ्याच्या मोबाईलमध्ये वाघ. शेवटची माणसे काठ्या घेऊन उभी आहेत. त्यांच्यासमोर वाघ नाही, झोळीवाला म्हातारा आहे.

हे खरे घडलेले आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना लोकांनी मारून टाकले. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा तेव्हा मोबाईलवरून फिरत होती. ती माणसे भिक्षा मागून पोट भरणारी होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात नियम आणला की आलेला निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. पण मला वाटते, खोटी गोष्ट पाच जणांनापण का पाठवायची?

हे चित्र मी घरी आजीला दाखवले. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणली, "आपल्या दारात डमरू वाजवत यायचे ते. मी सूपभर जवारी घालायचे. त्यांनी कवा कुणाचं पोर नेलं?"

मोबाईल सगळाच वाईट आहे असे मी म्हणत नाही. बाबा कांद्याचा भाव मोबाईलवरच बघतात. करोनात शाळा बंद होती तेव्हा माझा दादा त्याच्यावरच शिकला. पण विळी कामाची असली तरी रांगत्या बाळापुढे कोणी ठेवत नाही. फेसबुक, इन्स्टाग्रामचाच नियम आहे की १३ वर्षांखालच्या मुलांनी खाते उघडू नये. ऑस्ट्रेलिया देशात तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना अशी खाती ठेवू देत नाहीत. आमच्या वर्गातल्या काहींची खाती मात्र जास्त वय सांगून उघडलेली आहेत. ती बंद करावीत असे माझे मत आहे. त्यांना राग आला तरी चालेल.

पालकांनो, तुम्हीपण राग मानू नका. एकच मागणे आहे. रात्री जेवताना सगळ्यांचे मोबाईल कोनाड्यात ठेवा. आमच्याकडे आठ दिवस झाले तसे करतो. पहिल्या दिवशी काय बोलावे तेच कोणाला सुचेना. आता बाबा त्यांच्या शाळेतल्या गमती सांगतात.

चौथी चौकट आम्ही मुद्दाम रिकामी ठेवली आहे. खाली खडू आहे. तुमच्या घरात जे दिसते ते तिथे काढा. चित्र चांगले आले नाही तरी कोणी हसणार नाही, आणि कोणी फोटोपण काढणार नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी