राजधानीची सावली

लंडनजवळील सरे परगण्यांतील पुष्कळ लोक सकाळीं आगगाडीनें राजधानींत कामास जातात व सायंकाळीं घरीं परततात. आमच्या दापोलीचा चाकरमानी मुंबईस जातो, तो शिमग्या-गणपतीसच परततो. १९९८ सालीं पूर्ण झालेली कोंकण रेल्वेही खेडावरूनच जाते. म्हणून गांवोगांवच्या घरांना कुलुपें दिसतात. मुलांनीं मुंबईस जाऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. मुरूड गांवीं वाढलेले महर्षि कर्वेही शिक्षणासाठीं मुंबईस गेले. परंतु गांवाच्या हितासाठीं त्यांनीं ‘मुरूड फंड’ उभारला. विद्यार्थ्यांनो, गांव हा केवळ सुटीचा मुक्काम नव्हे. पहिल्या पगारांतूनच त्याचा वांटा बाजूस काढा. रेल्वेची वाट पाहण्याचें त्यास कारण नाहीं.