उसाची ट्रॉली रुतली, साखळी जोडायची कशाने? हुक, शॅकल की साधा बोल्ट?

ऊसतोडीचा हंगाम म्हटलं की तापीकाठच्या काळ्या जमिनीत रुतलेली ट्रॉली आलीच. प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजच्या पट्ट्यात असो की नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटसारख्या गावात, उपाय एकच असतो. दुसरा ट्रॅक्टर आणायचा, साखळी लावायची आणि टोचन करून ओढायचं. हा दुसरा ट्रॅक्टर बऱ्याचदा जुना असतो. एचएमटीचंच बघा. सरकारने 2016 मध्ये या कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला, पण तिचे ट्रॅक्टर अजूनही शेतात दिसतात. अशा जुन्या मशीनचा मूळ हुक किंवा पिन मिळाली नाही, की वर्कशॉपमधला एखादा बोल्ट तिथे बसतो. धोका इथूनच सुरू होतो.

साखळी जाड आहे, मग भीती कसली?

ताण सगळ्या जोडांवर सारखाच येतो आणि तुटतो तो सर्वांत कमजोर जोड. 10 मिलिमीटरच्या ग्रेड 80 साखळीचा सुरक्षित भार साधारण 3.15 टन असतो. तिला 2 टनांचं शॅकल लावलं, तर ती जोडणी 2 टनांचीच झाली. म्हणून शॅकलवर आणि हुकवर कोरलेला आकडा साखळीच्या आकड्याएवढा किंवा त्याहून जास्त हवा. आकडाच नसेल, तर तो तुकडा या कामाचा नाही.

हा आकडा तुटण्याचा भार नसतो. ग्रेड 80 साखळी तुटायला त्याच्या किमान चौपट ताण लागतो. पण हे जास्तीचं बळ हिशेबात धरू नका. ट्रॅक्टरने सैल साखळीला हिसका दिला, की ताण क्षणात कितीतरी पट वाढतो.

हुक कधी, शॅकल कधी?

हुक पटकन लागतो, पण साखळी सैल पडली की निसटतोही पटकन. म्हणून तोंडावर झडप असलेलाच हुक घ्या. ही झडप फक्त सैल साखळी अडवते, ओढ पेलत नाही. ओढ हुकच्या पोटात यायला हवी, टोकावर नाही.

शॅकल पिनने बंद होतं, त्यामुळे ओढकामासाठी ते जास्त भरवशाचं. एकच साखळी सरळ ओढायची असेल तर डी-शॅकल पुरतं. दोन साखळ्या एकत्र येत असतील तर रुंद पोटाचं बो-शॅकल घ्या. आडवी ओढ मात्र टाळा. 90 अंशांतून ओढलं, तर शॅकलची क्षमता साधारण निम्मी होते. आट्यांची पिन पूर्ण आवळा. हादऱ्यांनी ती सैल होते, म्हणून तारेने बांधून ठेवा.

हे चार जुगाड नकोच

- शॅकलच्या पिनऐवजी साधा नट-बोल्ट.
- तुटलेल्या कडीला वेल्डिंग. उष्णतेने मिश्रधातूच्या पोलादाची ताकद जाते.
- साखळीला गाठ किंवा पीळ.
- तोंड फाकलेला हुक, किंवा 10 टक्क्यांहून जास्त झिजलेली कडी.

साखळी ट्रॅक्टरला कुठे बांधायची?

मागच्या खालच्या ड्रॉबारलाच. साखळी ॲक्सलला किंवा त्याहून वर बांधली, तर पुढची चाकं उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. जुन्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी संरक्षक चौकट सहसा नसते. ओढताना साखळीच्या रेषेत आणि आजूबाजूला कोणीही उभं राहू नये. जोड तुटला, तर हुक किंवा शॅकल गोळीसारखं सुटतं.

कायदा काय म्हणतो?

खरी गोम इथे आहे. ही ट्रॉली साखर कारखान्याच्या गेटमधून आत गेली, की ऊस उतरवणाऱ्या क्रेनच्या साखळीला नियम लागू होतात. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 नुसार उचल-साखळीची 12 महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक होती आणि सुरक्षित भारापेक्षा जास्त वजन उचलायला मनाई. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण ही संहिता साधारणपणे 10 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. एक मालक, एक चालक आणि दोन मजूर असलेला ट्रॅक्टर त्यात येत नाही.

म्हणजे ऊस तोच, ट्रॉली तीच, पण गेटबाहेरच्या साखळीची तपासणी करायला कोणी येत नाही. कारखान्यांनी हंगामाआधी वाहतूकदारांच्या साखळ्या, हुक आणि शॅकल एकदा तपासून दिले, तर ही फट बरीच बुजेल. तोवर तपासणी आपल्यालाच करायची आहे. ओढायच्या आधी प्रत्येक जोडावरचा आकडा वाचा, आणि ज्यावर आकडा नाही तो तुकडा बाजूला ठेवा.