पाऊस आला म्हणून गाणं का थांबावं?



आज सकाळपासून नेरुळला संततधार आहे. चहा घेत होते तेवढ्यात सोसायटीचा निरोप आला, "पावसाची शक्यता असल्याने १५ ऑगस्टचा मुलांचा गाण्यांचा कार्यक्रम रद्द." झेंडावंदन तेवढं पाच मिनिटांत उरकणार म्हणे. वाचलं आणि मला एकदम टँगलवूडची आठवण झाली.

२०१६ साली लेकीकडे बॉस्टनजवळ सहा महिने होतो. तेव्हा एका रविवारी जावयांनी गाडीत घातलं आणि अडीच तासांवरच्या लेनॉक्स गावी नेलं. बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा उन्हाळ्यात तिथे वाजवते. वादकांवर आणि पुढच्या हजारो खुर्च्यांवर मोठं छप्पर आहे, पण त्याला भिंती नाहीत. मागे विस्तीर्ण हिरवळ. आमची तिकिटं हिरवळीची, म्हणजे स्वस्तातली! मी दशम्या आणि दाण्याची चटणी नेली होती. डबा उघडला आणि पाऊस सुरू झाला.

मी सवयीने आवरायला घेतलं. हे म्हणाले, "अगं, बस की. कोणी उठतंय का बघ." खरंच, कोणीही उठलं नव्हतं. लोकांनी शांतपणे रेनकोट चढवले, छत्र्या उघडल्या. शेजारच्या आजी माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी प्लास्टिकच्या कागदाचं एक टोक माझ्याकडे सरकवलं आणि पुन्हा डोळे मिटून ऐकू लागल्या. पाश्चात्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ते व्हायोलिनचे सूर आणि कागदावर पडणारे थेंब अजून कानात आहेत.

त्या छपराची गोष्ट मला नंतर कळली. १९३७ साली तिथे तंबूत कार्यक्रम चालत. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी वाग्नरच्या रचना चालू असताना असं वादळ आलं की वादन थांबवावं लागलं. संयोजक गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ यांनी त्याच संध्याकाळी भिजलेल्या श्रोत्यांकडे पक्क्या छपरासाठी वर्गणी मागितली. एलिएल सारिनेन या नामवंत वास्तुरचनाकाराचा आराखडा खर्चात बसेना, तेव्हा साधी शेड बांधली. १९३८ मध्ये ती उघडली. म्हणजे पावसाने कार्यक्रम मोडला, तर त्यांनी पावसाची सोय केली!

आता तुम्ही म्हणाल, तिथला पाऊस तो काय आणि आपला कोकणातला काय! कबूल. शिवाय आपली वाद्यंही नाजूक. दमट हवेत तबल्याची पुडी उतरते, हे घरात पेटी-तबला असणाऱ्यांना सांगायला नको. वुडस्टॉकला १९६९ साली पंडित रविशंकर पावसात वाजवून आले, पण तो अनुभव त्यांना काही रुचला नव्हता. विजा कडाडत असतील, वारा सुटला असेल तर कार्यक्रम थांबवलाच पाहिजे, त्यात दुमत नाही.

पण पाऊस आणि गाणं यांचं वावडं आपल्याकडे कधी होतं? आषाढात वारकरी भिजत, टाळ वाजवत चालतातच ना? आज जिथे आमचे टॉवर उभे आहेत तिथे सिडको येण्याआधी भातखाचरं आणि मिठागरं होती. इथल्या आगरी बायका डोक्यावर इरलं घेऊन, गुडघाभर चिखलात गाणी म्हणत लावणी करत. आपण मात्र मल्हार ऐकायलासुद्धा एसी सभागृहात जातो. पावसाला घाबरणं ही आपली परंपरा नाही. ती इस्त्रीच्या कपड्यांबरोबर आलेली सवय आहे, असं माझं मत आहे.

आणि हे मी कुठल्या तोंडाने सांगते? शाळेत असताना एका १५ ऑगस्टला समूहगीताची जबाबदारी माझ्याकडे होती. मुलींनी महिनाभर तालीम केली होती. सकाळी भुरभुर सुरू झाली आणि मीच मुख्याध्यापकांना म्हटलं, "राहू दे, मुली आजारी पडतील." खरं तर मला माझी नवी साडी भिजवायची नव्हती. मुली काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्याच मुली मैदानात भिजत, तेच गाणं मोठमोठ्याने म्हणत होत्या. मी वर्गाच्या खिडकीतून पाहत राहिले. खाली गेले नाही. हे आज पहिल्यांदाच सांगते आहे.

असो. दुपारी सेक्रेटरींना फोन केला. म्हटलं, आपल्या बिल्डिंगखाली पार्किंगचं छप्पर आहेच. मुलं आणि पेटी आत राहतील, आपण मोठी माणसं छत्र्या घेऊन बाहेर उभी राहू. ते आधी हसले, मग म्हणाले, "काकू, लोक येतील का?"

बघू या. मी तर जाणार आहे, आणि या वेळी साधी साडी नेसून.

तुमच्याकडे काय करतात? जरूर कळवा.