मांगराचा नकाशा छपरापासून वाचावा

गेल्या आठवड्यात गुहागरकडच्या एका वाचकाने दोन नकाशे पाठवले. आंबा-काजूची बाग आहे, सामान ठेवायला मांगर बांधायचा आहे, यातला कोणता घेऊ, असा त्यांचा प्रश्न. पहिला नकाशा छापील. दहा बाय दहा फूट, लोखंडी सांगाडा, चारही बाजूंनी पत्रा, एका बाजूला उतरतं छप्पर. तीन दिवसांत उभा करून देतो असं फॅब्रिकेटरने सांगितलंय. दुसरा गावच्या गवंड्याने वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेला. दहा बाय चौदा, चिऱ्याच्या भिंती, वर दुपाखी छप्पर आणि पुढे पडवी. खर्चात फरक बराच आहे.

दोन्ही नकाशांत मी सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहिली. छप्पर भिंतीच्या बाहेर किती येतंय? छापील नकाशात ते जेमतेम सहा इंच आलंय. हा नकाशा कमी पावसाच्या मुलखात चालेल, आपल्याकडे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. दोनशे चौरस फुटांचं छप्पर धरा. त्यावरून एका पावसाळ्यात पंचावन्न हजार लिटरांच्या आसपास पाणी खाली येतं. वळचण आखूड असली की पागोळ्या जोत्याला लागूनच पडतात. तांबडी माती उडून दारावर गुडघ्यापर्यंत चढते, जोत्याखालची जमीन पोखरते आणि पश्चिमेची झड थेट आत शिरते. युरियाचं अर्धं पोतं अशा खोलीत राहिलं की श्रावणात त्याचा दगड होतो. कोयत्याच्या पाठीने तो फोडताना हातांना झिणझिण्या आल्यात माझ्या, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय.

मग वळचण चांगली तीन-चार फूट काढावी का? इथे वाऱ्याचा विचार करावाच लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या. त्या दिवशी माझ्या मांगराचं छप्पर गेलं. दोन दिवसांनी पत्रे शेजारच्या गडग्यापलीकडे सापडले. उलटून पाहिले तर पत्र्याला लोखंडी पाइप तसाच घट्ट धरलेला, एकही स्क्रू निघालेला नाही. सुटला होता तो पाइप आणि भिंत यांच्यातला सांधा. पाइप नुसता चिऱ्यावर टेकवून सिमेंट लिंपलेलं होतं. पुढे आलेल्या लांब पत्र्याखाली वारा शिरला आणि त्याने अख्खं पाखं झाकणासारखं उचललं. पत्रा पाइपला बांधलेला, पण पाइप भिंतीला बांधायचं राहिलं होतं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा नवं छप्पर टिकलं. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतला होता आणि त्यातून वर काढलेल्या सळ्यांना पाइप जखडला होता. एवढाच काय तो बदल.

म्हणून माझं मत असं: वळचण दोन फुटांपर्यंत भिंतीच्या जोरावर काढावी, त्याहून जास्त हवी असेल तर तिला स्वतःचे खांब द्यावेत. म्हणजेच पडवी करावी. पडवी हा आपल्या जुन्या माणसांनी पाऊस आणि वारा दोन्ही ओळखून काढलेला तोडगा आहे. ऐपत असेल तर चौपाखी छप्पर करावं. चारही बाजूंना उतार असला की वाऱ्याला अडायला उभी तिकोनी भिंत उरत नाही.

आता मापाचं. दहा बाय दहा हा आकडा कुठून येतो मला कळत नाही. माप सामानावरून ठरवावं, आणि सामानात सगळ्यात लांब वस्तू कोणती ते आधी बघावं. आंब्याच्या बागेत ती झेल्याची काठी असते. पंधरा फुटांचा बांबू दहा फुटांच्या खोलीत तिरका उभा केला की वाकतो. मग पुढच्या हंगामात तो फांदीपर्यंत सरळ जात नाही आणि फळ देठाला हिसका बसून निघतं. पडवीच्या वाशांखाली दोन लाकडी हात काढले तर काठ्या आणि शिडी आडव्या निजतात. क्रेटचा हिशेब सोपा आहे: एक क्रेट पावणेदोन फूट लांब, सव्वा फुटाजवळ रुंद. सहा-सहांच्या थप्प्या लावल्या तर शंभर क्रेटना पस्तीस चौरस फूट जागा लागते. खताची पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. फवारणीची औषधं मात्र पडवीच्या टोकाला वेगळ्या, कुलपाच्या कप्प्यात ठेवावीत. गडीमाणसं दुपारी मांगरात भाकरी खातात, पाऊस आला की तिथेच बसतात, हे नकाशा काढणाऱ्याने विसरू नये.

तर त्या वाचकांना मी गवंड्याचाच नकाशा घ्यायला सांगितलं आहे. खर्च परवडत नसेल तर भिंती कंबरेइतक्याच चिऱ्याच्या करा, वर पत्रा लावा. पण वळचण, पडवी आणि माथ्यावरचा पट्टा यांत काटकसर नको. त्या पेन्सिलीच्या नकाशात एक चूक आहे. दार पश्चिमेला काढलंय, वाट तिकडून येते म्हणून. ते पूर्वेला फिरवा. वाट पाच पावलं वाकवता येते, झड वाकवता येत नाही. आणि जागा फणसाच्या फांदीखाली नको, माडाखाली तर मुळीच नको.

जागा कातळावर आहे असं त्यांनी लिहिलंय. कातळावर पाणी मुरत नाही, पत्र्यासारखं वाहतं, आणि कुठून वाहतं ते कोरड्या दिवसांत दिसत नाही. म्हणून मी त्यांना जोतं दिवाळीनंतर घालायला सुचवलं. तोवर चार कोपऱ्यांना चार दगड रचून ठेवा, सामान यंदा ताडपत्रीखाली काढा आणि आषाढातल्या एखाद्या मोठ्या सरीत छत्री घेऊन त्या दगडांपाशी जाऊन उभे राहा. परवा त्यांचा फोन आला होता. वरच्या अंगाचे दोन दगड पाण्यात आहेत, म्हणाले. मांगर आता आठ फूट खाली, गडग्याच्या बाजूला सरकतोय.