पाहुणा गायक आणि आपली पाळी



आमच्या भागातल्या पारंपरिक गाण्यांच्या क्लबात पुढच्या महिन्यांत कोण पाहुणे गायक येणार, त्याची यादी वाचनालयाच्या फलकावर लागली आहे. तुम्हीही ती पाहिली असेल, आणि माझ्यासारखंच एकही नाव ओळखीचं नाही म्हणून पुढे गेला असाल. माझं म्हणणं असं, की मुलांना घेऊन एकदा तरी जाच.

आपल्याकडे ‘कार्यक्रम’ म्हटला की गायक मंचावर आणि आपण खुर्चीत. (मुलं खुर्चीखाली.) या क्लबांची रीत निराळी. डब्लिनमध्ये १९७९ साली सुरू झालेला ‘अन गोलीन’ त्यांतला नामांकित. अशा ठिकाणी पाहुणा बहुधा वाद्यांशिवाय चार गाणी म्हणतो आणि मग बसलेल्यांची पाळी येते. कोणीही म्हणावं.

गेल्या हिवाळ्यात मी लेकीला घेऊन गेलो होतो. शेजारच्या आजोबांनी डोळे मिटून एक लांबलचक गाणं म्हटलं. मध्येच अडखळले, तर कोणीतरी हळूच शब्द पुरवला. मग आमच्याकडे वळून विचारणा झाली, “तुमच्याकडचं एखादं होऊ दे!” माझी आजी डाळ भरडताना जात्यावर ओव्या म्हणायची. त्या ऐकत मी मोठा झालो, आणि दोन ओळींपुढे मला काही आठवेना. खोली शांत. शेवटी लेकीने आपल्या वर्गात शिकलेलं भोंडल्याचं गाणं म्हटलं. दुसऱ्या फेरीपासून लोकांनी धृपद उचललं. उच्चार मात्र विचारू नका!

तुम्ही म्हणाल, ओव्या जपून ठेवल्या आहेतच की. खरं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सॉफ्टवेअरवाल्याला बॅकअपचं मोल सांगायला नको. पण आजीच्या ओव्या त्या संग्रहात असल्या तरी त्या रात्री माझ्या गळ्यात नव्हत्या.

कॉनेमारातल्या कार्ना गावचा जो हीनी (१९१९–८४) आपल्यासारखाच देश सोडून गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याने एका इमारतीच्या दारावर नोकरी केली, आणि आयुष्याच्या अखेरीस सिॲटलच्या विद्यापीठात आपल्या गावची गाणी शिकवली. तीही पुस्तकातून नव्हे, स्वतः म्हणून.

दिवाळीला भारतातून कलाकार आणायला आपण वर्गणी काढतो. जरूर काढावी. पण त्याच संध्याकाळी कलाकाराच्या आधी अर्धा तास आपल्यासाठी ठेवायला काय हरकत आहे? अंगाई, आरती, अभंग, शेतातलं गाणं, ज्याला जे येईल ते. बेसूर चालेल, कागद चालणार नाही. पहिली पाळी माझी. आईकडून फोनवर तीन ओव्या लिहून घेतल्या आहेत, पैकी दीड पाठ झाली आहे.

आणि हो, क्लबचा पुढचा पाहुणा येत्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आहे. यायचं असेल त्यांनी वर्ग सुटल्यावर मला भेटावं. गाडीत तीन जागा आहेत.