पेटीतले पिस्तूल आणि कमरेचे पिस्तूल

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. खरे तर हौसेचे मोल कोणीतरी भरतच असते. कधी ते हौशी माणूस स्वतः भरतो, कधी त्याच्या घरची माणसे आणि कधी सारे गाव. कोणी जुनी नाणी जमवतो, कोणी टपाल तिकिटे, कोणी अडकित्ते आणि दौती. अशा छंदांनी घरातली कपाटे भरतात, घरची माणसे थोडी कुरकुरतात, यापलीकडे कोणाचे काही बिघडत नाही. शस्त्रांच्या हौसेचे तसे नाही. ती दोन तऱ्हांची असते आणि दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आमच्या बीड जिल्ह्याने गेल्या काही वर्षांत यातली एकच तऱ्हा पाहिली, म्हणून दुसरीविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून अमानुष मारहाणीत त्यांचा खून करण्यात आला. त्या गुन्ह्यात बंदूक चालली नव्हती. पण त्या निमित्ताने जिल्ह्यातल्या दहशतीचा हिशेब मांडला जाऊ लागला आणि शस्त्र परवान्यांचा आकडा लोकांसमोर आला. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने होते. कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रे, हवेत गोळ्या झाडतानाच्या चित्रफिती घरोघरच्या मोबाइलवर फिरल्या. पुढे २०२५ मध्ये प्रशासनाने छाननी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले. ज्या जिल्ह्यातली लाखो माणसे दर वर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला परमुलखात जातात, त्या जिल्ह्यात पिस्तूल हा अंगावरचा दागिना कसा झाला, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आता दुसऱ्या तऱ्हेकडे वळू. निवृत्तीनंतर जुनी नाणी जमवणाऱ्या एका स्नेह्यांमुळे पुण्यात काही संग्राहकांच्या बैठकीला जाण्याचा योग आला. कोणी निवृत्त प्राध्यापक, कोणी घड्याळजी, कोणी वकील. चहाच्या कपबशा आधी बाजूला सरकवल्या गेल्या, मग टेबलावर स्वच्छ कापड अंथरले गेले आणि एक चपटी लाकडी पेटी उघडली. आत हिरव्या कापडाच्या खणांत एक चकमकीचे पिस्तूल, दारूची छोटी कुपी, नळी साफ करण्याची काडी आणि गोळ्या ओतण्याचा साचा. नळीवर लंडनच्या मँटनचे नाव. खटक्याचा भाग मोडलेला, नळी कायमची बुजवलेली; शस्त्र म्हणून ते केव्हाच संपले होते. तरीही एकानेही ते कोणाच्या दिशेने रोखले नाही की चापाला बोट लावले नाही. हातरुमालाने धरून, भिंग लावून ते पाहिले गेले आणि पुढचा तासभर चर्चा चालली ती एवढीच, की हे खरोखर मँटनचे की त्याच्या नावावर खपवलेले?

ही शंका रास्त होती. जोसेफ मँटन हा लंडनचा थोर बंदूक-कारागीर. त्याचे नाव इतके मोठे, की खोटे नाव कोरून बंदुका विकणारे त्याच्या काळातच निपजले होते. जेम्स पर्डी हा पुढे नावाजलेला कारागीर त्याच्याच हाताखाली तयार झाला. आणि एवढा मोठा माणूस १८२६ मध्ये दिवाळखोरीत गेला! बँकेत उमर घालवलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून गंमत वाटली. उत्तम माल आणि उत्तम जमाखर्च या गोष्टी एका माणसात क्वचितच नांदतात. त्याच घराण्याच्या नावाची पेढी कलकत्त्यातही निघाली आणि संस्थानिकांपासून साहेबांपर्यंत अनेकांनी तिथून बंदुका नेल्या.

त्या काळचे मागणीवरून केलेले पिस्तूल म्हणजे शिंप्याकडे माप देऊन शिवलेल्या अंगरख्यासारखे. मालकाच्या हाताच्या पंजाला बसेल अशी मूठ, त्याच्या पसंतीचे कोरीवकाम, त्याचे राजचिन्ह. एका पिस्तुलाच्या नळीचे माप दुसऱ्याशी जुळेलच असा भरवसा नसे, म्हणून गोळ्यांचा साचासुद्धा पिस्तुलाबरोबरच यायचा. तो साचा हरवला तर संग्राहकाच्या दृष्टीने वस्तूची किंमत उतरते. कोणी उत्साहाच्या भरात जुनी नळी घासूनपुसून नव्यासारखी चकचकीत केली तर आणखीच उतरते. काळाने चढवलेला रंग हाच तिथे पुरावा असतो.

हे कसब परदेशीच होते असे नाही. श्रीरंगपट्टणच्या कारखान्यात टिपू सुलतानासाठी घडवलेल्या बंदुका आणि पिस्तुले आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. त्यांवर वाघाची तोंडे, वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांची नक्षी आणि कारागिराचे नाव असते. पिस्तुलांच्या काही जोड्यांमध्ये एकाचा खटका डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे, जणू आरशातले प्रतिबिंब. अशीच एक चांदीने मढवलेली जोडी ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात अकरा लाख पौंडांच्या आसपास विकली गेली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर लुटीच्या वाटेने आपल्याकडच्या कितीतरी वस्तू विलायतेला गेल्या, त्यांचा हा भाव.

पण किमतीपेक्षा मला मोलाची वाटली ती त्यामागची नोंद. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड यांसारख्या पेढ्यांनी आपण केलेल्या प्रत्येक बंदुकीचा क्रमांक, गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवली. आज शंभर वर्षांनी एखादी बंदूक कोणा वाड्यात सापडली, तर तिचा क्रमांक त्या वहीशी ताडून ती कोणासाठी घडली हे सांगता येते. त्याआधी नळीत जादा दारू ठासून ती सरकारमान्य जागी तपासली जायची आणि टिकली तरच तिच्यावर शिक्का उठायचा. करणाऱ्याचे नाव, तपासणाऱ्याचा शिक्का, घेणाऱ्याची नोंद. बँकेत आम्ही याहून वेगळे काय करत होतो? कोणी मागितले, कशासाठी मागितले, कोणी मंजूर केले, आज ते कुठे आहे, या चार प्रश्नांची उत्तरे वहीत असली की व्यवहार स्वच्छ. दुर्मिळ पिस्तुलाची सारी प्रतिष्ठा अशा वहीवर उभी असते.

उलट गावठी कट्ट्याला ना करणाऱ्याचे नाव, ना क्रमांक. तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची कोणालाच उत्तरे द्यायची नसतात, म्हणूनच तो घेतला जातो. बिहारमधले मुंगेर हे याचे दुःखद उदाहरण आहे. मीर कासीमने अठराव्या शतकात तिथे राजधानी नेली आणि शस्त्रांचा कारखाना उभारला. तिथल्या कारागिरांच्या कसबाचा पिढ्यान् पिढ्या लौकिक झाला. त्याच गावाचे नाव आज बेकायदा पिस्तुलांच्या बातम्यांत येते. कसब गेलेले नाही. त्या कसबाला राजमान्य काम देणारा गेला, त्याबरोबर वहीही गेली.

शस्त्र बाळगणाऱ्या शिस्तीच्या माणसांचे आणखी एक कुळ आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. नेमबाजांच्या पिस्तुलाची लाकडी मूठही बहुधा ज्याच्या त्याच्या पंजाबरहुकूम तासून घेतलेली असते, म्हणजे तीही एका अर्थाने मापाचीच वस्तू. पण रेंजवर पहिला धडा गोळी कशी झाडावी हा नसतो. नळीचे तोंड कुठे असावे आणि चापावरून बोट केव्हा दूर असावे, हा असतो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणाऱ्याने आणि त्याला टाळ्या देणाऱ्याने हा धडा कधी ऐकलेला नसतो. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, तिने अशा बेफिकीर आनंदोत्सवी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. हे घरातल्या तरुण मुलांना वडीलधाऱ्यांनी आवर्जून सांगायला हवे.

याच दुरुस्तीने एका माणसाकडे परवान्यावर असू शकणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. १९५९ च्या मूळ कायद्यात संग्राहकांच्या कामाची एक तरतूद आहे. जे शस्त्र कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडके आहे आणि दुरुस्त करूनही चालणार नाही, त्याला परवान्याची गरज नाही. मात्र माळ्यावर सापडलेली आजोबांची दुनळी जर चालू शकत असेल, तर ती आठवण म्हणून पेटाऱ्यात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने रीतसर अर्ज करावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी पुराणवस्तू परदेशी पाठवण्यास १९७२ च्या कायद्याने सर्वसामान्यांना बंदी आहे. मराठवाड्यात निजामी अमदानीतली जुनी शस्त्रे अनेक वाड्यांतून असण्याचा संभव आहे. ती भंगारात किंवा भलत्या हाती जाण्याआधी जाणकाराला दाखवावीत. अशा वस्तू मानाने कशा ठेवतात हे मुलांना पाहायचे असेल तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात न्यावे. बीडकरांचे जुने राजधानीचे शहर ते, फार परके नाही.

कोणी म्हणेल, शहरातल्या माणसाला हे बोलायला काय जाते? वस्तीवर एकट्याने राहणाऱ्या शेतकऱ्याला दरोडेखोराचे भय आहे, रात्री पाणी द्यायला जाताना बिबट्याचे भय आहे, त्याने काय करावे? हे म्हणणे खोटे नाही. माझ्या नोकरीच्या काळात बँकेच्या दारात माजी सैनिक पहारेकरी असे आणि त्याच्या खांद्यावर दुनळी बारा बोअर. तिची गरज होती, म्हणून ती होती. तिचा परवाना होता, काडतुसे मोजलेली होती आणि पहारा बदलताना ती सही घेऊन सोपवली जायची. तिच्याबरोबर कोणी फोटो काढून घेतल्याचे मला आठवत नाही. शस्त्राची गरज असलेला माणूस त्याची जाहिरात करत नाही. जाहिरात करणाऱ्याला शस्त्र नको असते, त्याचे भय हवे असते.

म्हणून मागणी साधी आहे. बँक कर्ज देताना हेतू विचारते आणि पुढे तो हेतू खरोखर पुरा होतो आहे का, हे जाऊन पाहते. शस्त्र परवान्याचेही तसेच व्हावे. मुदत संपेपर्यंत वाट न पाहता दर वर्षी पडताळणी व्हावी, ज्या कारणासाठी परवाना दिला ते कारण आजही आहे का ते तपासावे आणि नसेल तर परवाना परत घ्यावा. एखाद्या खुनानंतर जाग येऊन एकदम शंभर परवाने रद्द होणे म्हणजे वर्षानुवर्षे वही कोणी उघडलीच नव्हती, याची कबुली आहे. बुडीत खाती एका रात्रीत होत नसतात.

उरलेले काम मात्र कलेक्टर कचेरीचे नाही, आपल्या घरांचे आहे. खंडेनवमीला आपण शस्त्रे आणि अवजारे पुजतो. कोणी तलवार ठेवतो, कोणी नांगराचा फाळ, कोणी लेखणी, आणि आमच्याकडे कितीतरी घरांत त्या दिवशी कोयत्यालाही हळदकुंकू लागते. आपल्या वाट्याला आलेल्या साधनाचा मान राखावा, एवढाच त्याचा अर्थ. कमरेचे पिस्तूल पाहून दबकणारी आणि मग त्यालाच दादा म्हणून हार घालणारी माणसे आपणच आहोत. आपण हार घालणे थांबवले, तर ती हौस फार काळ टिकणार नाही. आणि ज्याला पिस्तुलाच्या घडणीचे खरोखर प्रेम आहे, त्याची हौस पेटीत, कुलपात आणि वहीतल्या नोंदीत सुखाने नांदेल. तिने आजवर कोणाच्या घरचा दिवा विझवलेला नाही.