टक्केवारी नको, चुकांचा हिशेब द्या

मा. महासंचालक,
भारतीय हवामान विभाग, नवी दिल्ली यांस,



आपल्या विभागाला २०२५ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण झाली. त्याच्या आदल्या वर्षी ‘मिशन मौसम’साठी दोन हजार कोटी रुपये मंजूर झाले. त्यातून रडार येतील, महासंगणक येतील. पण अंदाज सुधारले की नाही, हे कशावरून ठरवणार? ‘इतके टक्के अचूक’ असे उद्दिष्ट कृपया ठेवू नका.

अमेरिकेत १८८४ मध्ये फिनली नावाच्या हवामानतज्ज्ञाच्या टोर्नेडोच्या अंदाजांची अचूकता ९६.६ टक्के भरली होती. रोज नुसते ‘टोर्नेडो येणार नाही’ म्हटले असते, तर ती ९८.२ टक्के भरली असती! प्रत्यक्षात ५१ टोर्नेडोंपैकी २८च त्यांना आधी सांगता आले आणि शंभर इशाऱ्यांपैकी ७२ फुकट गेले. आमच्या मराठवाड्यात पावसाळ्यातही कोरडे दिवस कितीतरी. तिथे ‘पाऊस नाही’ म्हणत राहणाराही पहिल्या वर्गात पास होईल.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग सांगतो. तेवढा पाऊस होतो, वाफसा येतो आणि तो फार दिवस टिकत नाही. तेव्हा शेतकऱ्याला एकच गोष्ट हवी असते: पुढच्या दहा-बारा दिवसांत खंड पडणार का? उगवलेले करपले की दुबार पेरणी, आणि तिचे बियाणे बहुतेकांना उसनवारीवरच आणावे लागते. तो खंड किती वेळा आधी सांगता आला, हेच आपले उद्दिष्ट असू द्या.

हुकलेले इशारे आणि फुकट गेलेले इशारे वेगवेगळे मोजा. फक्त फुकट इशाऱ्यांबद्दल जाब विचारला, तर अंदाज देणारे शास्त्रज्ञ बोलायलाच कचरतील, आणि त्यात माणसे मरतील.

हिशेब तालुकावार हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार’ हा अंदाज आपल्या गावापुरता खरा ठरला की खोटा, हे गावकऱ्याने कसे ठरवायचे?

गेल्या पाच खरीप हंगामांचा असा तालुकावार तक्ता पुढच्या पेरणीआधी मराठीत प्रसिद्ध करा. आकडे वाईट निघाले तरी करा.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी